तांदळाच्या पोत्याखालची कादंबरी

परवा नातीसाठी चित्रांचं पुस्तक घ्यायला दुकानात गेले होते. दुकानातल्या मुलीनं विचारलं, "किती वर्षांच्या मुलासाठी हवंय?" मी वय सांगितलं, तिनं त्या वयाचा कप्पा दाखवला आणि मी मुकाट्यानं त्यातलं एक उचलून आणलं. परत येताना पांढरीपांडे काकू आठवल्या. त्या माझ्या जागी असत्या तर त्या मुलीची काही धडगत नव्हती. "वयाचं काय घेऊन बसली तू? अस्वल नीट काढलंय का ते सांग," असं म्हणून त्यांनी सगळे कप्पे खाली उतरवायला लावले असते.

मी पुष्कळ वाचणारी माणसं पाहिली. वाचलेलं घडाघडा म्हणून दाखवणारी पाहिली, न वाचता त्यावर तासभर बोलणारी तर फारच पाहिली. पण कादंबरीतल्या एका बाईचा राग आला म्हणून ती कादंबरी तांदळाच्या पोत्याखाली दाबून ठेवणारी वाचक मला आयुष्यात एकच भेटली.

चीनच्या लढाईनंतरच्या हिवाळ्यात मी लग्न होऊन जबलपूरला आले. आमचे हे दारूगोळ्याच्या फॅक्टरीत ड्रॉइंग ऑफिसात होते. लढाई संपली होती, पण फॅक्टरीला ते कोणी कळवलं नसावं, कारण ओव्हरटाइम चालूच होता. सकाळी भोंगा झाला की क्वार्टर्समधून सायकलींचा लोंढा निघे आणि मागे उरत त्या आम्ही बायका, पोरं आणि मागच्या टेकडीवरचे काळे खडक. मग दिवसभर कोणीही दारात येऊन घरच्या माणसाबद्दल विचारलं की प्रत्येक घरातून एकच उत्तर येई, "फॅक्टरीत गेले." बोबडी पोरंसुद्धा आई-बाबा म्हणायला शिकली की पाठोपाठ हे शिकत. ऐकणाराही निश्चिंत असे. संध्याकाळी भोंगा झाला की माणूस परत यायचाच.

मी आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी शेजारच्या क्वार्टरमधून काकू आल्या. उंच, सडसडीत, चष्म्याची एक काडी मोडलेली आणि तिच्या जागी काळा दोरा कानाला गुंडाळलेला. हातात वाटीभर मेथीचे लाडू. वाटी ठेवली, माझं घर एका नजरेत पाहून घेतलं आणि विचारलं, "कादंबऱ्या वाचते का तू?"

"कधीमधी वाचते," मी म्हटलं.

"मग दिवसभर करते काय?"

मी साताऱ्याची. पण काकूंच्या हिशेबी नागपूरच्या पलीकडचा सगळा मुलूख पुण्यातच मोडत असे. त्यांनी माझं नाव 'पुणेकरीण' ठेवलं ते कायमचं. माझं बोलणं ऐकून त्या गालातल्या गालात हसायच्या आणि मला त्यांचं 'काहून' आणि 'करून राहिली' ऐकून हसू यायचं. म्हणजे फिट्टंफाट होती.

थंडीत दुपारी काकूंच्या अंगणात वाचन चाले. पनागरहून मटार यायचा, कोवळा आणि भारी गोड. आम्ही चारपाच जणी परातीभोवती बसून शेंगा सोलायचो आणि काकू मधोमध मोडक्या खुर्चीवर बसून कादंबरी मोठ्यानं वाचायच्या. वाचायच्या म्हणजे काय, पुस्तकात एक वाक्य आलं की त्यावर काकूंची दोन येत. नायिका नायकाला निरोप न देता निघून गेली की काकू पुस्तक मांडीवर उपडं टाकत. "काहून गेली ही? तोंड नव्हतं का तिला? आता हा बिचारा पुढची शंभर पानं रडून राहील अन् मला वाचत बसावं लागेल!" नायकाला क्षय झाला की त्या त्याच्या आईला झापत, "आधीच दूध चालू करायचं होतं, आता काय फायदा?" आम्ही हसून लोटपोट व्हायचो आणि काकू रागावून बघायच्या. त्या थट्टा करत नव्हत्या. त्यांना खरंच वाटायचं की यातलं निम्मं दुःख वेळीच कोणी बोललं असतं तर टळलं असतं.

आमच्यात एक मिश्राइन होती, पलीकडच्या मिश्रांची बायको. तिला मराठी अर्धंमुर्धं कळे, पण ती एकही दिवस चुकवत नसे. "फिर क्या हुआ, चाची?" असं तिनं विचारलं की काकू हिंदीतून सगळं पुन्हा सांगत, आणि त्या हिंदीत कादंबरी मूळ लेखकाला ओळखू आली नसती. वाईट माणसाला काकू हिंदीत आणखी वाईट करत. भाषा आपली नसली की शिव्या द्यायला संकोच वाटत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

ती पोत्याखाली गेलेली कादंबरी मला चांगली आठवते. त्यात एका मुलाला गाणं शिकायचं असतं. गुरू मिळालेला असतो, बिऱ्हाडाची सोय झालेली असते, आणि निघायच्या आदल्या दिवशी आई त्याला सांगते, जाऊ नकोस, वडिलांच्या दुकानावर बस. मुलगा बसतो. संपलं त्याचं गाणं. काकूंनी तिथपर्यंत वाचलं आणि पुस्तक फटकन मिटलं. मग एकदम उसळल्या.

"आई आहे का कोण आहे ही? दुकानासाठी पोराचा गळा दाबला हिनं!"

मिश्राइन शेंग सोलता सोलता म्हणाली, "चाची, उसकी भी कोई मजबूरी रही होगी."

"मजबूरी-वजबूरी कुछ नहीं! मुँह खोलकर एक बार कह देती कि जा बेटा!" काकू तरातरा आत गेल्या आणि पुस्तक तांदळाच्या पोत्याखाली सारून आल्या. "राहू दे तिला तिथंच. पाठ मोडू दे."

मंडळाच्या वाचनालयाचं पुस्तक होतं ते. कमानिया गेटजवळ एका माडीवर मराठी मंडळाचं वाचनालय होतं आणि जोगळेकर मास्तर तिथे संध्याकाळी बसत. पुस्तक परत गेलं तेव्हा त्याच्या पानांतून तांदळातले किडे निघाले. मास्तरांनी ते टेबलावर झटकले आणि विचारलं, "पांढरीपांडे वहिनी, या वेळी कोणाला शिक्षा झाली?" त्यांना सवय होती.

मास्तरांची खरी पंचाईत झाली ती चित्रांच्या पुस्तकांवरून. त्या सुमाराला परदेशातून छापून आलेली लहान मुलांची पुस्तकं स्वस्तात मिळू लागली होती. चकचकीत कागद, टोप्या घातलेली अस्वलं, बर्फातली लाकडी घरं. मास्तरांनी असा एक गठ्ठाच मंडळासाठी आणला आणि काकू तिथल्या तिथे जमिनीवर बसून एकेक पाहू लागल्या. मास्तर हळूच म्हणाले, "वहिनी, ही लहान मुलांसाठी आहेत."

"अच्छा," काकू मान वर न करता म्हणाल्या, "मग मी मोठी झाली की परत करते, चलो."

चित्रांचं पुस्तक त्या ज्या तऱ्हेनं पाहत, तसं मी तरी कोणाला पाहताना पाहिलेलं नाही. मजकूर शेवटी. आधी चित्रात घर असलं तर चूल कुठे आहे ते शोधायचं. पिल्लू असलं तर आई कुठे आहे ते शोधायचं. ती नसली की पानं मागंपुढं करायची. "इतकुसं कोकरू जंगलात फिरून राहिलं अन् घरी कोणाला पत्ता नाही! हा चित्रकार बिनलग्नाचा असेल." एका पुस्तकात बर्फात उभा असलेला एक मुलगा होता, अंगात कोट, डोक्यावर टोपी, आणि गळा उघडा. काकूंना तो गळा बघवेना. दोन दिवस त्यांनी पुस्तक तसंच उघडं ठेवलं. तिसऱ्या दिवशी मुलाला हाक मारली, "विनू, याच्या गळ्यात मफलर घालून दे रे."

विनू हा काकूंचा एकुलता एक. त्या वेळी मॅट्रिकच्या आसपास असेल. आईसारखाच उंच, पण त्याच्या वाटचं बोलणंही आईनंच संपवल्यासारखा गप्प. त्यानं लाल पेन्सिल काढली आणि त्या मुलाच्या गळ्यात मफलर घातला, एक टोक वाऱ्यावर उडणारं. मी पाहिलं आणि मला पटेना की तो छापलेला नाही. मास्तरांनाही कळलं नसतं. काकूंनीच वाचनालयात जाऊन ते पान उघडून त्यांच्या नाकासमोर धरलं. दंड भरायची तयारी ठेवूनच गेल्या होत्या. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. दंडाचं नावही काढलं नाही. आल्यागेल्याला ते पान दाखवत बसले.

मग पासष्टची लढाई आली. फॅक्टरीचं गाव, तेव्हा खिडक्यांच्या काचांना काळा कागद लावायचा हुकूम निघाला. पोरं शिट्ट्या घेऊन 'बत्ती बुझाओ' ओरडत फिरायची आणि स्वतःला मोठे शिपाई समजायची. आमची घरं दिवसाही कोंदट, काळीकुट्ट झाली. माझी मुलगी तेव्हा दीड-दोन वर्षांची. ती खिडकीकडे पाहून रडायला लागायची. काकूंनी ते पाहिलं आणि कमानिया गेटहून पांढऱ्या रंगाची एक बाटली आणून विनूपुढे ठेवली. म्हणाल्या, "पोरं घाबरून राहिली. काही तरी कर."

विनूनं पुढच्या खोलीतल्या काचांवरच्या काळ्या कागदावर आतल्या बाजूनं चित्रं काढली. एका काचेवर एक. पहिल्या चित्रात घुबड शिट्टी वाजवून चंद्राला सांगतं, दिवा बंद कर. दुसऱ्यात चंद्र आपलं बटण शोधतोय, पाठीमागे, काखेत, कानामागे, आणि ते सापडत नाही. मग एक बकरी घोंगडं घेऊन खडकावर चढून त्याला झाकायला निघते. आमच्याच मागच्या टेकडीवरचा खडक होता तो, आमच्याच गवळ्याची दाढीवाली बकरी. शेवटच्या काचेवर घोंगड्याला एक भोक होतं, त्यातून उजेडाची एक रेघ खाली पडलेली, आणि तिच्यात सगळ्या क्वार्टर्समधली पोरं दाटीवाटीनं बसलेली. प्रत्येक पोर ओळखू येत होतं. माझी मुलगी अंगठा चोखत होती.

सकाळी दार उघडलं की त्या उजेडात चित्रं दिसत. सगळी पोरं काकूंच्या घरात गोळा होत आणि काकू काठी घेऊन एका खिडकीपासून दुसऱ्या खिडकीपर्यंत गोष्ट सांगत जात. रोज तीच गोष्ट, आणि रोज चंद्राला नवीन बोलणी. "बटण जागेवर ठेवत नाही, मग शोधत बसते कार्टं!" बाहेर लढाई चालली होती, घरची माणसं दोन-दोन पाळ्या करून परत येत होती, आणि आम्ही बायका चंद्राचं बटण शोधत होतो. मला ते दिवस अजून आठवतात. भीती होती, पण काकूंच्या त्या खोलीत ती शिरत नसे.

लढाई थांबली तेव्हा सगळ्यांनी कागद ओरबाडून काढले. काकूंनी मात्र काचा ओल्या करकरून कागद अलगद सोडवले आणि दाभणानं शिवून त्यांचं पुस्तक केलं. त्याला बारदानाचं कव्हर घातलं.

जोगळेकर मास्तरांनी ते पुस्तक पाहिलं आणि घरी येऊन काकांना म्हणाले, "मुलाला नागपूरला चित्रकलेच्या शाळेत पाठवा. माझी बहीण तिथे आहे, तिच्याकडे राहील. जेवणाखाण्याची चिंता नको." काकूंचा चेहरा असा उजळला की मास्तर लाजले. त्या दुपारी त्यांनी आम्हाला वाचून काही दाखवलं नाही. विनूनं मोठेपणी कुठली पुस्तकं काढावीत तेच सांगत बसल्या. त्या प्रत्येक पुस्तकात आई पहिल्याच पानावर असणार होती.

पण पांढरीपांडे काका निवृत्तीला आले होते. काका स्वभावानं गरीब, भित्रे. गावाकडे भावाच्या घरात त्यांना वाटा होता तो कागदावर. निवृत्त झालं की क्वार्टर सोडायची, आणि मग जायचं कुठे? त्यांना एकच वाट दिसत होती. लढाईमुळे फॅक्टरीत भरती चालू होती. मुलगा लागला तर क्वार्टर मुलाच्या नावावर होईल, आपण आहोत तिथे राहू. फॅक्टरीतल्या पुष्कळ घरांनी तेच केलं होतं. त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे.

काकांनी आपल्या परीनं मधला मार्गही काढला. मुलाला ड्रॉइंग आवडतं ना, मग ड्रॉइंग ऑफिसातच लागू दे! एका रविवारी ते बारदानाचं पुस्तक काखेत मारून आमच्याकडे आले आणि यांच्यापुढे ठेवून अदबीनं म्हणाले, "बघा बरं साहेब, चालेल का तुमच्याकडे?" आमच्या ह्यांनी आयुष्यभर नटबोल्टच काढलेले. त्यांनी बकरी उलटसुलट करून पाहिली, खडकाला पट्टी लावून पाहिली आणि खरोखरच्या काळजीनं म्हणाले, "हात चांगला आहे हो. पण माप नाही." मला हसावं का रडावं कळेना. काका मात्र एवढंसं तोंड करून पुस्तक घेऊन गेले. त्यांनी खरंच सगळीकडून विचार केला होता.

विनूचं नागपूरला जायचं ठरलेलंच होतं. ट्रंक भरली होती. काका त्याला काही बोलत नव्हते, बोलायची त्यांची छातीच नव्हती. ते काकूंना म्हणत राहिले, "तू सांग. तुझं ऐकतो तो." हे मला काकूंनीच सांगितलं. काकू आठ दिवस गप्प होत्या, आणि ज्या बाईला कादंबरीतल्या मुक्या माणसांचा एवढा राग, तिचं गप्प बसणं आम्हाला कसंतरीच वाटत होतं.

एका सकाळी मी विरजण मागायला गेले. विनू जेवायला बसला होता, काकू वाढत होत्या. मी स्वयंपाकघराच्या दारात वाटी घेऊन उभी. काकूंनी भात वाढला, वरण वाढलं, आणि तूप वाढता वाढता म्हणाल्या, "विनू, क्वार्टर जाईल रे."

एवढंच. जाऊ नकोस म्हणाल्या नाहीत, रडल्या नाहीत.

विनूनं वर पाहिलं. "बरं," म्हणाला आणि भात कालवायला लागला.

काकूंनी माझ्या वाटीत विरजण घातलं ते काठावरून सांडलं. एरवी त्यांनी स्वतःलाच दोन शब्द सुनावले असते. त्या दिवशी पदरानं काठ पुसला आणि आत गेल्या.

ड्रॉइंग ऑफिसात जागा नव्हतीच. विनू पॅकिंगमध्ये लागला. हिरव्या लाकडी पेट्यांवर पत्र्याचा साचा ठेवायचा आणि वरून पांढरा रंग फिरवायचा, की आकडे आणि अक्षरं उमटतात. दिवसभर तेच. काकूंनी पहिल्या आठवड्यातच त्याला विचारलं, "चित्र काही असतं का रे त्यात?"

"असतं ना," विनू म्हणाला. "बाणाचं. पेटीची वरची बाजू कुठली ते कळायला."

तो हे हसून म्हणाला. त्याच्या मनात आईबद्दल राग होता असं मला कधीच दिसलं नाही, आणि मी बारकाईनं पाहत होते. राग असता तर बरं झालं असतं असं काकू एकदा म्हणाल्या. तो वेळेवर जाई, वेळेवर येई, पगार आणून आईच्या हातात देई. फक्त घरात हातात पेन्सिल धरणं त्यानं बंद केलं. कोणी सांगितलं नव्हतं.

काका निवृत्त झाले, क्वार्टर राहिली. त्या हिवाळ्यात मटार आला, परात मांडली, पण काकू पुस्तक काढीनात. मग एक दिवस मला म्हणाल्या, "पुणेकरीण, वाचनालयात जाशील तेव्हा ती गाणाऱ्या मुलाची कादंबरी घेऊन ये." मी आणली. त्यांनी ती एकटीनं वाचली, मनात. दोन दुपारी वाचत होत्या. संपल्यावर पुस्तक मला परत देताना त्यांनी त्याच्यावरून हात फिरवला, जसा आजारी माणसाच्या पाठीवरून फिरवतात.

"मी या बाईशी फार वाईट वागले गं," त्या म्हणाल्या. "लेखकानं लिहिलं नाही, पण तिचंही काही तरी जाऊन राहिलं असेल."

मिश्राइन समोर होती. तिला सगळं कळलं की नाही कोण जाणे. तिनं परातीतले दाणे उगीच खालीवर केले आणि काकूंच्या गुडघ्यावर हात ठेवला.

त्यानंतर पांढरीपांडे काकूंनी कादंबरी वाचली नाही. मला हे लिहिताना आजही हळहळ वाटते. एकदा मीच मोठ्यानं वाचायचा प्रयत्न करून पाहिला. माझं शुद्ध मराठी ऐकून बायकांना झोपा आल्या. "राहू दे," काकू म्हणाल्या, "तू भांडत नाही त्यांच्याशी." त्यांना मी म्हटलं, मग तुम्ही भांडा. तर म्हणाल्या, "मला आता कोणाला बोलायचा हक्क नाही." मी वाद घातला. क्वार्टर गेली असती तर कुठे राहिला असतात, काकांची तब्येत कशी होती, सगळं सांगितलं. त्या ऐकून घेत होत्या. मीही खोटं बोलत नव्हते. पण हे सगळं खरं असून त्यांना त्याचा काही उपयोग नव्हता.

चित्रांची पुस्तकं मात्र त्या आणत राहिल्या. वयानं मोठ्या झालेल्या बाईनं हा पोरखेळ करावा याचं नवीन बिऱ्हाडकरूंना हसू यायचं. मास्तर काही बोलत नसत, नवीन गठ्ठा आला की वरची दोन काकूंसाठी बाजूला काढून ठेवत. पाहण्याची रीत मात्र बदलली होती. पूर्वी त्या आई शोधायच्या. आता चित्राच्या खालच्या कोपऱ्यात चित्रकाराचं बारीक नाव असे, ते चष्मा सरकवून वाचायच्या. परकी नावं, नीट उच्चारताही येत नसत. एकेक अक्षर लावून ती वाचत आणि म्हणत, "याच्या आईनं जाऊ दिलं याला."

एकाहत्तर साली पुन्हा काळे कागद लागले. विनू तेव्हा सलग दोन पाळ्या करायचा, घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपायचा. काकूंनी पांढऱ्या रंगाची नवी बाटली आणून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. काही बोलल्या नाहीत. त्यानं ती पाहिली असणार, उशाशीच होती. कागद शेवटपर्यंत काळेच राहिले. क्वार्टर्समधली नवी पोरं आली आणि मोठ्यांकडून ऐकलेलं विचारू लागली, "काकू, चंद्र कुठंय?" तेव्हा काकूंनी बारदानाचं पुस्तक काढलं आणि गोष्ट सांगितली. चंद्राला त्या आता रागावत नव्हत्या. "सापडेल हो बटण," म्हणायच्या, "शोध निवांत."

पुढे आमची बदली झाली, मग दुसरी झाली, आणि जबलपूर सुटलं. काका गेल्याचं कळलं, विनूचं लग्न झाल्याचं कळलं. मग पुष्कळ वर्षांनी जबलपूरलाच, सिविल लाइंसमध्ये एका भाच्याच्या घरी जाणं झालं, तेव्हा मी मुद्दाम रिक्षा करून क्वार्टर्सकडे गेले.

तीच क्वार्टर. दाराला नवा हिरवा रंग, फॅक्टरीतल्यासारखा. काकू ओसरीवर उन्हात बसल्या होत्या. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. मला त्यांनी आवाजावरून ओळखलं. "पुणेकरीण आली! अगं, भांडायला शिकली का नाही अजून?" माझा हात हातात धरून ठेवला. विनूच्या कानशिलावर पांढरं झालं होतं. त्यानं मला नमस्कार केला, बायकोला चहा टाकायला सांगितलं. त्याची दुपारची पाळी होती. डबा सायकलच्या पिशवीत घालून तो चेनला तेल देत अंगणातच बसला होता.

काकूंच्या मांडीला खेटून विनूची मुलगी बसली होती, गुड्डी. शाळेत नुकतीच जाऊ लागलेली. आजीचं मराठी तिला सगळं कळे, उत्तर मात्र ती हिंदीतून देई. तिच्या पुढ्यात बारदानाचं पुस्तक होतं. कागद घड्यांवर फाटले होते, पांढरा रंग ठिकठिकाणी उडाला होता, चंद्राचा अर्धा चेहरा गेलेला. काकूंना पानं दिसत नव्हती, पण बोट बरोबर बकरीच्या दाढीवर पडत होतं.

गुड्डीनं बकरीकडे बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "दादी, ये किसने बनाया?"

सायकलच्या चेनचा आवाज थांबला. मी काकूंकडे पाहिलं. त्या विनूच्या दिशेनं वळल्या नाहीत.

"एक मुलगा होता," त्या म्हणाल्या. "इथंच राहायचा, याच घरात."

"अब कहाँ है?"

"फॅक्टरीत गेला."

गुड्डीनं समजूतदारपणे मान हलवली. तिच्या ओळखीचे सगळेच फॅक्टरीत जात असत. अंगणात विनू उठला, हात फडक्याला पुसले, सायकल स्टँडवरून काढली आणि आमच्याकडे न पाहता फाटकाबाहेर पडला. भोंगा व्हायला थोडाच अवकाश होता.

"तो शाम को आएगा ना, दादी?" गुड्डीनं विचारलं.

काकूंनी चाचपून पान उलटलं आणि बकरी घोंगडं घेऊन कुठे निघालीय ते तिला दाखवू लागल्या.